पाच दिवसांचं नाव

२००७ सालची गोष्ट. तळवलीतल्या बायकांच्या बचत गटाचा आगरी मसाला घणसोली-रबाळ्यापर्यंत खपू लागला होता. गटातल्या आत्याच्या भाच्याने, महाप्याला नोकरी करणाऱ्या पोराने, त्यासाठी वेबसाइट करायचं मनावर घेतलं. सोमवारी मोकळं दिसलेलं डॉट कॉम नाव मंगळवारी गेलेलं, तिथे नुसत्या जाहिराती. पाच दिवसांनी नाव सुटलं आणि त्याचा अर्ज भरून होईपर्यंत पुन्हा गेलं.

“घेतो कोण आणि सोडतो कशाला?” आत्याने विचारलं.

“नावं नोंदणाऱ्या काही कंपन्याच घेतात, लाखांनी. चुकून भलतं नाव नोंदलं तर पाच दिवसांत रद्द करून सगळे पैसे परत मिळतात ना! तेवढ्यात जाहिरातींवर कमाई होते का बघायचं. नाही झाली की परत.”

आत्याचा टोप-पातेली भाड्याने देण्याचा जुना धंदा. हा डाव तिने भोगला होता. एक मंडपवाला लग्नसराईत तिचे सगळे मोठे टोप उचलायचा, चढ्या भाड्याने पुढे द्यायचा आणि उरलेले कोरेच आणून पूर्ण पैसे मागायचा. इकडे गावातल्या हळदीला टोप मिळेना. तरी तिने परत घेणं थांबवलं नाही. पाहुणे कमी येणार म्हणून एखादा टोप परत आणणाऱ्या घराचा काय दोष? तिने ठरवलं, एक-दोन आले तर पूर्ण पैसे, ढिगाने आले तर प्रत्येकामागे कापायचे. मंडपवाला त्यानंतर लागतील तेवढेच टोप नेऊ लागला.

“तुमच्या इंटरनेटवाल्यांना हे सुचत नाही?”

सुचलं. नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २००८च्या मध्यापासून मर्यादा घातली. महिन्याच्या निव्वळ नव्या नोंदणीच्या साधारण दहा टक्क्यांपलीकडे नावं परत केली, की वरच्या प्रत्येक नावामागे २० सेंट. रक्कम किरकोळ, पण लाखांनी गुणली की हा धंदा बुडतो. एप्रिल २००९पासून तर वरच्या नावांसाठी नोंदणीचं शुल्कच बुडू लागलं. जून २००८ ते एप्रिल २००९ या काळात अशी परती ९९.७ टक्क्यांनी घटली. पाच दिवसांची सवलत मात्र आयकॅनने काढून घेतली नाही, आणि मला त्यातलं हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

भाच्याला नाव मिळालं. घाईत त्याने स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त टाकलं. दुसऱ्या दिवशी ते रद्द केलं, पूर्ण पैसे परत आले, आणि बरोबर नाव बचत गटाच्या नावावर चढलं.