काट्याच्या जाळीपाशी

थोडं बसा. पाठ टेकायची असेल तर टेका. डोळे मिटायची गरज नाही, फक्त वाचायची घाई करू नका. जिथे थांबावंसं वाटेल तिथे खुशाल थांबा.

मनानं इंग्लंडच्या दक्षिणेला जाऊ. तिथे ससेक्समध्ये नेप नावाची साडेतीन हजार एकरांची जहागीर आहे. दोनशेहून अधिक वर्षं ती बरेल घराण्याकडे आहे. पायाखाली चिकणमाती. ओली असली की बूट ओढून धरते, उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते. वाफसा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या जमिनीचं दुखणं वेगळं सांगायला नको. ससेक्सच्या बोलीत नुसत्या चिखलाला तीसहून अधिक शब्द आहेत.

1987 साली चार्ली बरेल यांच्या हाती ही जमीन आली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी, लेखिका इझाबेला ट्री यांनी यंत्रं आणली, खतं घातली, दूधधंदा वाढवला. कर्ज मात्र उतरेना. अखेर 2000 मध्ये त्यांनी दुभती जनावरं विकली, अवजारं विकली. पुढे एकेक करत शेतं पडीक पडू दिली.

इथे थांबा. ‘पडीक’ हा शब्द मनातल्या मनात एकदा म्हणा.

काय उमटतं? आपल्या कानाला तो आळसाचा शब्द वाटतो. भावकीच्या भांडणाचा, कोर्टात अडकलेल्या सातबाऱ्याचा. ‘तण खाई धन’ ऐकत वाढलेल्या माणसाचा हात तण दिसलं की खुरप्याकडे जातो. माझाही जातो. तो हात आता मांडीवर ठेवा, उताणा. राहू दे तसाच.

नेपच्या शेजाऱ्यांनाही हेच वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली शेतं डोळ्यांदेखत रानटी होताना पाहून ते संतापले. मला त्यांचा राग समजतो. त्यातच काही वर्षांत काटेरी थिसलनं एकरच्या एकर व्यापले. आपल्या उंटकटारीच्या कुळातलं हे तण जमिनीखालून मुळ्यांनी पसरतं. मालकांचाही धीर सुटत आला होता. मग 2009 च्या उन्हाळ्यात आफ्रिकेकडून पेंटेड लेडी फुलपाखरांचे थवेच्या थवे आले. हेच फुलपाखरू आपल्याकडेही बागडताना दिसतं. त्यांनी थिसलवर अंडी घातली, आणि पानापानांवर रेशमी जाळं विणून काळ्या काटेरी अळ्या ती पानं खाऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी थिसलची ती रानं जवळजवळ नाहीशी झाली. फवारणी कुणी केलीच नव्हती.

श्वास सोडा. सावकाश.

जमीन नुसती सोडून दिली होती असं मात्र नाही. लांब शिंगांची जुन्या वाणाची गुरं, एक्समूरची तट्टं, टॅमवर्थ जातीची तांबूस डुकरं आणि हरणं तिथे मोकळी सोडली. कोण काय चरतं, कोण काय तुडवतं, डुक्कर कुठे नाकाडानं माती उकरतं, यावर तिथलं रान घडत जातं. लांडगा नसल्यानं जनावरांची संख्या माणसालाच आवरावी लागते. त्यांचं मांस विकलं जातं. या कामाला सरकारी अनुदानही मिळालं. हेही मनात असू द्या. भरघोस पिकणारी काळी जमीन कुणी अशी सोडावी असं मी म्हणणार नाही. नेपची माती मात्र पिकासाठी कधी राजीच नव्हती.

आता जवळ या. गुडघ्यावर बसा. समोर ब्लॅकथॉर्नची जाळी आहे, करवंदाच्या जाळीसारखीच दाट आणि ओरबाडणारी. फांदी हळूच बाजूला करा. आत सावलीत वीतभर उंचीचं एक रोप आहे, पाचसहा पानांचं, कडांना नागमोडी वळणं असलेलं. ओकचं रोप. ते कुणी लावलं? कावळ्याच्या कुळातला जे नावाचा पक्षी हिवाळ्याच्या बेगमीला ओकची फळं मातीत पुरून ठेवतो. सगळीच पुन्हा काढत नाही. आता गाय येते, जीभ लांबवते. काटा टोचतो. ती मान मागे घेते आणि पुढच्या गवताकडे जाते.

पुन्हा पाहा. जीभ, काटा, मान.

तिकडे एरवी रोप लावलं की त्याभोवती प्लॅस्टिकची नळी घालतात. काटा हीच ओकची आई, अशी इंग्रजीत जुनी म्हण आहे. ती म्हणणाऱ्यांनी हे नक्कीच असं वाकून पाहिलं असणार. ज्या जाळीला आपण अडगळ म्हणतो, तीच जाळी राखण करते आहे. मला नेपची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

बाकीचं झपाट्यानं सांगतो. पडीक शेतांच्या उघड्या ओल्या मातीत सॅलो उगवली. हे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. पर्पल एम्परर या दुर्मीळ फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पानं खातात. जाणकार या फुलपाखराला घनदाट जंगलातलं समजत. आज ब्रिटनमधली त्याची सर्वांत मोठी वस्ती नेपच्या झुडपांत आहे. नाइटिंगेल पक्षी झुडपांत गाऊ लागले. बाहेरून आणून वसवलेल्या पांढऱ्या करकोच्यांनी 2020 मध्ये तिथल्या ओकवर पिल्लं वाढवली. ब्रिटनमध्ये मोकळ्या करकोच्यांनी घरटं केल्याची त्याआधीची नोंद 1416 ची आहे.

मांडीवरच्या हाताकडे पाहा. अजून उताणा आहे का?

आता नेपहून परत या. तुमच्या ओळखीची एखादी जागा डोळ्यांपुढे आणा: विहिरीमागचा कोपरा, बांधावरची हातभर पट्टी, सोसायटीच्या कुंपणालगतचा तुकडा. एवढीच विनंती आहे. येत्या वर्षभर ती जागा पेटवू नका, तिथे तणनाशक मारू नका. आणि पहिल्या पावसानंतर एका सकाळी तिथे जाऊन गुडघ्यावर बसा. जाळी असेल तर फांदी हळूच बाजूला करून आत पाहा.