तोतया आणि खातरजमा

कोणी ‘विश्वास ठेवा’ म्हटलें कीं ‘विश्वास तर पानिपतांत मेला’ असें उत्तर देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. थट्टा म्हणून तें ठीक आहे. परंतु विश्वासावांचून संसार, शाळा किंवा कचेरी एक दिवसही चालणार नाहीं, हें थट्टा करणाराही जाणतो. मग ज्या काळांत कोणीही कोणाचें नांव व चेहरा घेऊन आपल्या फोनांत येऊन उभा राहतो, त्या काळांत मनुष्यानें विश्वासू राहावें कीं सावध राहावें? हे दोन गुण एकमेकांचे वैरी आहेत काय?

आमच्या एका स्नेह्यांची कन्या एका महाविद्यालयाच्या कचेरींत नुकतीच लेखनिक म्हणून लागली होती. एके दुपारीं प्राचार्यांचें नांव व छायाचित्र असलेला निरोप तिच्या फोनवर आला. ‘सभेंत आहें, फोन करूं नका, पाहुण्यांस देण्यासाठीं भेटकार्डें तांतडीनें विकत घ्या व त्यांचे क्रमांक कळवा, पैसे सायंकाळीं देतों,’ असा त्याचा आशय होता. निरोप अनोळखी क्रमांकावरून आलेला होता, आणि तें तिच्या ध्यानांतही आलें होतें. तरी तिनें आज्ञा पाळली, व जवळजवळ महिन्याचा पगार गमावला. चार दिवस तिनें ही गोष्ट घरीं सांगितली नाहीं. सांगितली तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “सरांना उलट विचारायचं तरी कसं?”

मनुष्य लोभानें फसतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुढें त्यांच्या नांवाचा एक तोतया निघाला. तो पकडला जाऊन कैदेंतही पडला. तरी १७७६ सालीं रत्नागिरीच्या अंमलदारानें त्यास खरा भाऊ मानून बाहेर काढतांच कोंकणांत मोठा जमाव त्याच्या भोंवतीं गोळा झाला. त्याच वर्षीं तो पुन्हां पकडला गेला व त्यास देहान्ताची शिक्षा झाली. त्याच्यामागें गेलेले सारेच स्वार्थी होते असें कोण म्हणेल? कित्येकांस भाऊसाहेब परत आलेले हवे होते. तोतयाचें खरें भांडवल म्हणजे लोकांची स्वामिनिष्ठा. तो आपल्या दुर्गुणांवर जितका जगतो, तितकाच आपल्या सद्गुणांवरही जगतो. आमच्या स्नेह्यांच्या कन्येस फसविलें तें तिच्या आज्ञाधारकपणानें.

सावधगिरी ही ज्याच्या त्याच्या पैशापुरतीच बाब असती, तर तिला व्यवहारचातुर्य म्हणून सोडून देतां आलें असतें. पण ती तशी नाहीं. नेदरलंडमधील मास्ट्रिख्ट विद्यापीठांत ऑक्टोबर २०१९ मध्यें दोन कपटी ईमेल उघडले गेले. त्या वाटेनें आंत शिरलेले चोर दोन महिने गुपचूप वावरले, आणि २३ डिसेंबर रोजीं त्यांनीं विद्यापीठाचे २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. अखेर ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी भरावी लागली. दार उघडलें एका ठिकाणीं, आणि अडचणींत सांपडलें सारें विद्यापीठ. ज्याच्या हातीं संस्थेचा पासवर्ड आहे, तो विद्यार्थी असो वा शिपाई, तो तिचा द्वारपाल आहे. प्रत्येक दारास निराळी किल्ली ठेवणें, ओटीपी कोणासही न सांगणें, पासवर्डाच्या जोडीस दुसरी ओळखखूण लावणें, हीं शेजाऱ्याविषयींचीं कर्तव्यें आहेत.

यावर कोणी म्हणेल, “असें प्रत्येकाकडे संशयानें पाहूं लागलों तर आयुष्याची गोडी ती काय उरली?” आक्षेप रास्त आहे, परंतु त्यांत संशय आणि खातरजमा यांची गल्लत झाली आहे. संशय माणसावर घेतला जातो. खातरजमा निरोपाची केली जाते. बँकेंतील कारकून धनादेशावरची सही ताडून पाहतो, म्हणून खातेदार रागावत नाहीं. उलट तो ती न पाहील तर रागावेल. प्राचार्यांच्या नांवानें आलेला निरोप प्राचार्यांस विचारून पाहणें म्हणजे त्यांच्या नांवाची राखण करणें होय. जेथें घाई आहे, जेथें ‘कोणास सांगूं नका’ किंवा ‘फोन करूं नका’ असें बजावलें आहे, तेथें निरोप ज्या वाटेनें आला ती सोडून दुसऱ्या, आपल्या माहितीच्या वाटेनें विचारावें. आतां यंत्र आवाजाचीही नक्कल करतें. तेव्हां ओळखीचा आवाज हाही पुरावा राहिला नाहीं.

मात्र हें कर्तव्य एकट्या धाकट्यांच्या माथीं मारणें अन्याय होईल. उलट विचारणाऱ्यास जेथें उद्धट ठरवितात, तेथें तोतयाचें अर्धें काम वडीलधाऱ्यांनींच करून ठेवलेलें असतें. तसेंच जेथें फसलेल्यास हंसतात, तेथें तो गप्प बसतो, आणि त्याचें मौन चोराच्या पथ्यावर पडतें. आपल्या देशांत १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसा पुढें सरकण्यापूर्वीं अडविला जाण्याचा संभव असतो. चार दिवसांनीं तो कोठला राहणार? मास्ट्रिख्टच्या विद्यापीठानें फेब्रुवारी २०२० मध्यें जाहीर परिषद भरवून आपली फजिती सर्वांपुढें मांडली, ती इतरांनीं शहाणें व्हावें म्हणून. चूक लपविण्यापेक्षां ती सांगण्यास अधिक धैर्य लागतें, आणि ऐकणाऱ्यास अधिक उदारपणा.

आमच्या स्नेह्यांच्या कन्येचे पैसे परत आले नाहींत. पण तिच्या प्राचार्यांनीं सारी हकीकत ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशीं फलकावर चार ओळी लावल्या: ‘माझ्या नांवानें पैशाविषयीं निरोप आल्यास माझें दार ठोठावून विचारावें. मी सभेंत असलों तरी विचारावें. विचारल्याबद्दल कोणासही बोल लागणार नाहीं.’ “सरांना विचारायचं तरी कसं?” या प्रश्नाचें उत्तर सरांनींच द्यावयास हवें होतें, तें त्यांनीं दिलें.