सायलेन्सरवरचा निळा

बाइक विकायच्या आदल्या रविवारी मी पार्किंगमध्ये तीन तास उकिडवा बसून तिचा बेंड पाईप घासला. बेंड पाईप म्हणजे इंजिनातून निघून खाली वळतो आणि मागच्या सायलेन्सरला जाऊन मिळतो तो. स्टेनलेस स्टीलचा. नवीन होता तेव्हा चांदीसारखा होता, आणि त्या रविवारी सकाळपर्यंत निळा-जांभळा-सोनेरी. दुपारी एकला तो पुन्हा चांदीसारखा झाला. वॉचमन काका येऊन म्हणाले, ''नवा टाकला का?'' मला इतकं बरं वाटलं की मी पाईपचा फोटो काढला.

तोच फोटो जाहिरातीत पहिला लावला. या लेखात जे आहे ते सगळं तिथून सुरू होतं.

आधी तो रंग काय असतो ते सांगतो, कारण मला स्वतःला ते बरीच वर्षं चुकीचं माहीत होतं. मला वाटायचं धूर किंवा काजळी आतून बाहेर येते, किंवा धातू 'जळतो'. तसं काही नसतं. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की या क्रोमियमचा काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो. स्टेनलेसला गंज लागत नाही तो या थरामुळे. धातू तापला की थर जाड होत जातो. मग त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना खोडतात आणि उरलेला आपल्याला दिसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे इंद्रधनुष्य दिसतं, तेच हे. म्हणजे पाईपवर निळा रंग कुठेच नसतो. असते ती फक्त जाडी.

आणि जाडी तापमानाप्रमाणे बदलते. ३०४ जातीच्या स्टेनलेससाठी वेल्डिंगवाले लोक एक तक्ता वापरतात: साधारण २९० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, ३७० च्या आसपास गडद पिवळा, ४२० ला जांभळट तपकिरी, ५४० ला निळा, ६०० ला गडद निळा. किती वेळ तापलं यावर थोडा फरक पडतो, पण क्रम हाच. पाईप हा एक प्रकारचा थर्मामीटर आहे, फक्त त्याचा पारा खाली उतरत नाही. सगळ्यात जास्त तापलेला दिवस तो धरून ठेवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो लॉग आहे.

माझ्या पाईपच्या लॉगमध्ये काय होतं? कुठलीही गाडी चालवली की इंजिनाजवळची चार-पाच बोटं निळसर होतातच, त्यात काही नाही. माझा निळा मात्र वळण ओलांडून खाली गेला होता. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली होती. तिथून जास्तीची हवा आत जायची, पेट्रोल कमी पडायचं आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापायचं. मला ते कळत होतं. सिग्नलला गाडी स्वतःहून रेस व्हायची, घाटात दम टाकायची. पण रिलीज होती, मग दुसरी रिलीज होती, आणि मी जवळजवळ चार महिने तशीच चालवली. शेवटी मेकॅनिकने अडीचशे रुपयांचं रबर बदललं, कॉम्प्रेशन बघितलं आणि म्हणाला, ''व्हॉल्व्हला थोडं सोसावं लागलंय. आत्ता ठीक आहे. पुढचं इंजिन उघडल्याशिवाय कोण सांगणार?'' त्यानंतर गाडी चार हजार किलोमीटर काहीही तक्रार न करता पळाली.

म्हणजे मी विकत होतो ती गाडी चांगली होती. हे वाक्य मी त्या आठवड्यात स्वतःला खूप वेळा ऐकवलं.

आता घासण्याबद्दल. पाईप पूर्ण थंड असताना भांड्यांच्या साबणाने धुवायचा, मग तेलाचा अंश काढायचा. मेटल पॉलिशची पेस्ट जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर घेऊन थोड्या थोड्या भागात चोळायची. पिवळा लगेच जातो, जांभळा थोडं ऐकतो, गडद निळा ऐकत नाही. त्याच्यासाठी मी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात दाट कालवून लावलं, आणि तरी राहिलं ते दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने, एकाच दिशेने. साधी लोखंडी काथ्या वापरायची नाही, तिचे कण स्टेनलेसवर अडकतात आणि तेच गंजतात. संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नाही, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेसला बारीक भोकं पडतात. शेवटी पाईप नीट पुसायचा, कारण बोटाचा ठसा राहिला आणि गाडी सुरू केली तर तो ठसा भाजून तिथेच राहतो. माझी आजी देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासायची तेव्हा 'हात नका लावू रे आता' असं का ओरडायची, ते मला त्या दिवशी समजलं. तिथे केमिस्ट्री वेगळी असली तरी वैताग तोच.

घासताना एक गोष्ट वाचली होती ती आठवत होती आणि तिचा मला आधार वाटत होता. धातू तापून रंगीत थर बनतो तेव्हा तो खालच्या धातूतलंच क्रोमियम वर ओढून घेतो. त्यामुळे थराच्या लगेच खाली क्रोमियम कमी झालेला पापुद्रा राहतो आणि तिथे गंज लवकर धरू शकतो. म्हणून कारखान्यांत वेल्डिंगनंतरचा रंग काढून टाकतात, शोभेसाठी नाही तर टिकण्यासाठी. तो नीट निघाला की हवेत नवा, निरोगी थर आपोआप तयार होतो. म्हणजे मी करत होतो ते धातूच्या दृष्टीने चांगलंच काम होतं! देखभाल. यात लपवण्याचा प्रश्न येतोच कुठे?

प्रश्न असा येतो की रबर बदलल्यावर दीड वर्ष पाईप निळाच होता आणि मला त्याच्या गंजाची काळजी एकदाही वाटली नव्हती. ती काळजी नेमकी जाहिरात टाकायच्या आदल्या दिवशी जागी झाली.

गाडी बघायला एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा, पहिली नोकरी लागलेली. सोबत त्याचे वडील. मुलगा गाडीभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले, सीटवर बसून आरशात बघितलं. वडील मात्र गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. त्यांनी ऑइल बघितलं, चेन बघितली, आणि मग बेंड पाईपवरून एक बोट फिरवलं. म्हणाले, ''गाडी जपलेली दिसते.''

मी म्हणालो, ''हो काका.''

एवढंच. सौदा ठरला. पैसे लगेच आले, कागदांवर सह्या झाल्या. मुलगा म्हणाला, ''दादा, काही वाटलं तर फोन करेन हं.'' मी म्हटलं बिनधास्त कर.

त्या 'हो काका'चं काय करायचं ते मला अनेक दिवस कळेना. ते खोटं होतं का? गाडी मी खरंच जपली होती, चार महिने सोडून. काही वाचावं म्हणून मी भारतीय करार कायदा, १८७२ उघडला. इंजिनिअरिंगला असलं काही आम्हाला नव्हतं, आणि कायद्याचं पुस्तक इतकं वाचनीय असेल असं वाटलं नव्हतं. कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि खाली उदाहरणं दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे. तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. मला हायसं वाटलं. पुढचं उदाहरण: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि त्यापुढचं: घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालेन,' आणि विकणारा गप्प राहतो. इथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

'गाडी जपलेली दिसते' हे वाक्य यातलं कुठलं? मी बराच वेळ पहिल्या घोड्यावर बसायचा प्रयत्न केला. पण त्याच कलमात वर, फसवणुकीच्या प्रकारांत, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे झाकणं हेही आहे. घोडेवाला गप्प होता, त्याने घोड्याच्या पायाला रंग लावला नव्हता. आणखी पुढे कलम १९ मध्ये एक अपवाद आहे: गप्प राहून केलेल्या फसवणुकीत, घेणाऱ्याला साधी खबरदारी घेऊन सत्य कळू शकलं असतं, तर त्याला नंतर तक्रार करता येत नाही. साधी खबरदारी म्हणजे गुडघ्यावर हात ठेवून खाली बसणं. काकांनी ती घेतली होती. त्यांनी बरोबर त्याच जागी बोट ठेवलं जिथे उत्तर लिहिलेलं होतं. ते मी आदल्या दिवशी पुसलं होतं.

हाच वाद फार जुना आहे. सिसरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तो येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याने पाहिलंय. लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष सांगायचे, बाकी आपला माल आपल्या भावाने विकायला मोकळीक आहे. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगायला हवं, विकणाऱ्याला माहीत असलेलं काहीही घेणाऱ्याला अज्ञात राहता कामा नये. सिसरो शेवटी शिष्याच्या बाजूने जातो.

मला दोघांमध्ये डायोजेनिस जास्त ओळखीचा वाटतो, आमच्या क्षेत्रात तोच बसलेला असतो. आणि खरं सांगू, अँटिपेटर मला जरा जाचकही वाटतो. 'सगळं' म्हणजे किती? पावसात घसरून पडलो ते? क्लच केबल दोनदा तुटली ते? घर विकताना रंग देतात, कांदेपोह्यांना सगळे चांगले कपडे घालतात, आणि मी स्वतः कोड रिव्ह्यूला पाठवायच्या आधी पंधरा रडवेले कमिट दाबून एक शहाणा कमिट करतो. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण वाचणाऱ्याला कोड कसा सुचला याच्याशी देणंघेणं नसतं, तो चालतो का एवढंच बघायचं असतं. पण प्रॉडक्शनचे लॉग पुसणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर नसतो, कारण उद्या काही बिघडलं तर दुसरं कुणीतरी तेच वाचून शोध घेणार असतं. माझा पाईप या दोन्हींतला कोणता, हे ठरवायला मला फार अक्कल लागायला नको होती. इंजिन उघडल्याशिवाय कळणार नाही असं मेकॅनिक म्हणाला होता. न उघडता कळण्याची जी एक खूण होती, तीच मी काढली होती.

गंमत म्हणजे लोक हा रंग मुद्दाम आणतात. टायटॅनियमचे महागडे पाईप मिरवायचे ते त्या निळ्या-जांभळ्या छटेसाठी, काही जण तर टॉर्च मारून स्टेनलेसवर तसा परिणाम करून घेतात. म्हणजे कुणी न झालेला इतिहास रंगवतो, कुणी झालेला पुसतो.

सहा आठवड्यांनी मुलाचा मेसेज आला. बेंड पाईपचा फोटो आणि खाली, 'दादा, पाईप पिवळा-निळा पडतोय. नॉर्मल आहे का?' फोटोत इंजिनाजवळ तीन बोटं रंग होता, खाली स्वच्छ. अगदी निरोगी गाडीचा पाईप.

मी टाइप केलं, 'हो, एकदम नॉर्मल. स्टेनलेसचं असं होतंच.' प्रत्येक शब्द खरा होता. पाठवलं नाही. फोन लावला आणि रबर, चार महिने, व्हॉल्व्ह, लिंबूसत्त्व, सगळं क्रमाने सांगितलं. मध्येच वाटलं की मी हे त्याच्यासाठी सांगतोय की माझ्यासाठी, पण तेव्हा थांबणं शक्य नव्हतं.

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, ''कॉम्प्रेशन किती आलं होतं, दादा?'' मी आकडा सांगितला. म्हणाला, ''बरं आहे की मग.'' पुन्हा शांत. ''पण तेव्हा सांगितलं असतंत, तर बाबांनी चार हजार कमी केले असते.''

''पाठवतो,'' मी म्हणालो.

''पाठवा,'' तो म्हणाला. ''आणि बाबांना मी नाही सांगत. ते अजून लोकांना सांगतात, पाईप बघून गाडी ओळखली म्हणून.''