गावची मॅच आणि देशाची मॅच

२०२४ सालची गोष्ट. बेएर शेवा येथे एका परिचित घरी मलिद्याला बसण्याचा योग आला. घरातला नातू कित्येक महिने मिलुईमवर होता. तो सुखरूप परतला म्हणून आजीने एलियाहू हानाबीचा बोललेला नवस फेडला होता. पोहे, गूळ, ओले खोबरे, खजूर आणि फळे यांनी ताट शिगोशीग भरले होते. बेराखा झाल्या, ताट फिरले, चहा झाला आणि कोणीतरी टेलिव्हिजन लावला. त्या रात्री इस्राएलच्या राष्ट्रीय संघाचा फुटबॉल सामना होता. ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्या संघाचे 'घरचे' सामनेही परदेशात, हंगेरीत खेळवावे लागत. त्यामुळे वडीलधारी मंडळी जरा हळवी होऊनच पडद्यासमोर बसली.

इतक्यात नातू उठला आणि दाराशी जाऊन चपला घालू लागला.

आजोबा म्हणाले, "अरे, देशाची मॅच लागतेय आणि तू कुठे निघालास?"

"मित्राकडे. ही मॅच मला नाही बघायची, आजोबा. हापोएलची असती तर तुम्ही उठवूनही उठलो नसतो."

"म्हणजे गाव मोठं आणि देश लहान? आम्ही काय यासाठी आलो इकडे?"

"आजोबा, देशाच्या कामावरूनच तर मी परवा घरी आलो."

खोलीत कोणी काही बोलेना. आजीने नातवाच्या हातात ताटातले एक केळे ठेवले आणि तो गेला. मॅच आम्ही शेवटपर्यंत पाहिली खरी, पण आमचे लक्ष मॅचमध्ये नव्हते. आजोबांचे चुकले की नातवाचे, हा प्रश्न आम्ही बरोबर घरी घेऊन आलो आणि आज तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नातवाची बाजू पाहू. नुसत्या खेळाच्या दृष्टीने बोलायचे तर त्याची आवड वेडगळ नाही. क्लबचे खेळाडू रोज सकाळी एका मैदानावर सराव करतात. कोणाचा पास कोणाच्या पायाशी येणार हे त्यांना न पाहता कळते. राष्ट्रीय संघ वर्षातून काही वेळा, थोड्याच दिवसांसाठी एकत्र येतो आणि पुन्हा पांगतो. क्लब मोसमात तीसहून अधिक सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला भेटतो. राष्ट्रीय संघाचा सामना म्हणजे लग्नाचे जेवण आणि क्लबचा सामना म्हणजे घरची भाकरी. लग्नाचे जेवण कोणाला आवडत नाही? पण माणूस वाढतो तो भाकरीवर.

पण नातवाचे कारण एवढेच असते तर आजोबांना इतके लागले नसते. प्रश्न खेळाच्या दर्जाचा नव्हता, मायेचा होता. लहान गोष्टीवर जास्त माया केली म्हणजे मोठ्या गोष्टीची माया तेवढी कमी होते काय?

हापोएल बेएर शेवा हा क्लब १९४९ साली निघाला. नेगेवच्या वाळूतला म्हणून त्याच्या खेळाडूंना 'उंट' म्हणतात. आमचे पुष्कळ लोक त्या गावात उतरले तेव्हा गाव आणि क्लब दोन्ही नवखे होते. १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी क्लबने लीग जिंकली. दक्षिणेतल्या कष्टकऱ्यांच्या गावाने मोठ्या शहरांना मागे टाकले, म्हणून त्या वेळी कारखान्यातून थेट मैदानावर जाणारी आमची माणसेही छाती पुढे काढून चालत. पण त्यानंतर लीग पुन्हा जिंकायला २०१६ साल उजाडावे लागले. चाळीस वर्षे! मध्यंतरी क्लब खालच्या श्रेणीतही गेला आणि २००९ साली पुन्हा वर आला. चाळीस वर्षे न जिंकणाऱ्या संघाच्या पाठीशी जे उभे राहिले, त्यांच्या निष्ठेत मोठेपणाचा हव्यास होता असे कोण म्हणेल? मे २०१६ मध्ये लीग जिंकली तेव्हा संघाचा कप्तान एलियानिव बर्दा होता. बेएर शेवात जन्मलेला, परदेशी खेळून गावी परतलेला, चौतिशीतला माणूस. त्या रात्री गावात जे रडले त्यांतले कित्येक जण आपल्या गेलेल्या बापासाठी रडले असतील, असे आम्हास वाटते. कारण बापाचा हात धरूनच ते प्रथम मैदानावर गेले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इटलीच्या इंटर मिलान संघाशी आपल्या मैदानावर सामना झाला. दोन गोलांनी पिछाडीवर असताना बेएर शेवाने तो ३-२ असा जिंकला. पहिला गोल मारणारा लुसिओ मारान्याओ ब्राझीलचा, दुसरा मारणारा अँथनी न्वाकाएमे नायजेरियाचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी तिसरा मारणारा बेन सहार इस्राएलचा. स्टँडमध्ये बसलेल्या कोणीही त्यांना विचारले नाही की तुम्ही कुठले, तुमची आजी कोण, तुमच्याजवळ कागद कोणते. लाल शर्ट घातलात, आमच्यासाठी धावलात, म्हणजे आमचे झालात. क्लबच्या दाराशी एवढीच चौकशी होते. आमच्या समाजाला या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको.

आता आजोबांकडे वळू. आजोबा मुंबईचे. तरुणपणी कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपचे सामने पाहायला ते कसे जात, हे त्यांच्याच तोंडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा तेव्हा फार नावाजलेली होती. हैदराबादच्या पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे तो कप नेला. त्यांच्या खेळाडूंच्या हालचाली आजोबा आजही चहाच्या कपबश्या मांडून दाखवतात. मग आम्ही विचारतो, ते सामने कोणत्या देशाचे होते? आजोबांची पहिली माया तरी क्लबवरच जडली होती ना? नातवाने त्यांचेच वेड घेतले, फक्त मैदान बदलले.

आणखी थोडे मागे जाऊ. आमची आडनावे काय सांगतात? पेणकर, नवगावकर, केहिमकर. कोकणातल्या ज्या गावी तेलाचा घाणा फिरवला, ते गाव आम्ही नावाला बांधून मुंबईला नेले आणि मुंबईहून इकडे आणले. मुंबईतही 'जुन्या मशिदीचे' आणि 'नव्या मशिदीचे' असा भेद आम्ही किती हौसेने पाळत होतो! गाणे कोणाचे चांगले, हाझान कोणाचा चांगला, यावर वाद होत. पण म्हणून कोणी स्वतःला कमी बेने इस्राएल समजले नाही. दानधर्माचा क्रम सांगतानाही आमच्या शास्त्राने घरचा गरजू आधी, मग गावचा, मग परगावचा असाच सांगितला आहे. जवळच्यापासून सुरुवात करणे हा दोष असता, तर शास्त्राने तो नियम कशाला केला असता?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग नातवाचेच खरे. थांबा. अजून एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

१९६४ साली आशिया कप फुटबॉल स्पर्धा इस्राएलमध्ये झाली. इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग असे चारच संघ होते. भारताचा कप्तान चुनी गोस्वामी. इस्राएलने भारताला २-० असे हरवले आणि कपही जिंकला. भारत दुसरा आला. त्या वेळी नुकतीच आलेली आमची माणसे सांगत की त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात तेच कळेना. इस्राएलचा गोल झाला की आनंद व्हायचा आणि लगेच चोरी केल्यासारखे वाटायचे. पण त्याच वर्षी आमच्या लोकांचे मन दुसऱ्याच गोष्टीने पोळत होते. आमच्या मुलामुलींचे विवाह लावताना आमच्या यहुदीपणाचीच चौकशी होत होती. लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतची खास बैठक भरली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदीच आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कसलाही भेद नाही, असे जाहीर झाले.

ते जाहीर कोणी केले? बेएर शेवाच्या स्टँडने नव्हे. शेजाऱ्यांची कितीही माया असती तरी तिने हा प्रश्न सुटला नसता. तेथे देशच लागला. आमच्या विचाराला येथे वळण मिळाले. माया गाव देते, हक्क देश देतो. गावाला हक्क देता येत नाही, आणि देशाला माया हुकमाने मिळवता येत नाही. दोघांचे देणे निराळे आहे, म्हणून दोघांचे घेणेही निराळे असणार. देशाचे देणे आपण कायदा पाळून, कर भरून, मिलुईमला जाऊन फेडतो. नातवाने ते फेडले होते. वर आणखी 'पडद्यासमोर बसून टाळ्या वाजव, तरच तू खरा' अशी मागणी करणे म्हणजे फेडलेल्या कर्जाची पुन्हा वसुली करणे होय. आणि निष्ठेचा पुरावा कोणी पुन्हा पुन्हा मागू लागले की कसे वाटते, हे आमच्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार?

पण लहान वर्तुळाची माया नेहमी शुद्धच असते असेही नाही. २०१३ साली जेरुसलेमच्या बेतार क्लबने चेचन्याचे दोन मुसलमान खेळाडू आणले. तेव्हा त्या क्लबच्या काही पाठीराख्यांनी एवढा गहजब केला की क्लबच्या कचेरीला आग लावण्यात आली. त्या दोघांतल्या एकाने आपल्याच क्लबसाठी गोल मारला, तर काही लोक स्टँड सोडून चालते झाले. पाहा, मायेच्या नावाखाली माणूस आपल्याच संघाच्या गोलावर रुसतो! ज्या दाराशी कोणी कागद विचारीत नव्हते, त्याच दाराशी येथे पहारा बसला.

याच्या उलट देशाच्या संघाने काय केले तेही सांगितले पाहिजे. सखनीन या अरब गावच्या क्लबने २००४ साली राज्य कप जिंकला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इस्राएलचा सामना आयर्लंडशी रामात गान येथे होता. आपण एका गोलाने मागे होतो आणि वेळ संपत आली होती. अशा वेळी सखनीनच्याच अब्बास सुआनने गोल मारून बरोबरी साधली. त्या क्षणी स्टँडमध्ये यहुदी आणि अरब एकमेकांच्या गळ्यात पडले असतील, तर ते घडवण्याची शक्ती कोणत्याही एका गावच्या क्लबात नव्हती. चेर्केसी समाजाचा मुसलमान खेळाडू बिब्रास नात्खो पुढे याच देशाचा कप्तान झाला. राष्ट्रीय संघ १९७० साली मेक्सिकोला गेला, स्वीडन आणि इटली यांच्याशी बरोबरी करून आला, आणि त्यानंतर आजवर विश्वचषकाला पोचलेला नाही. पण जे लोक एरवी एका बाकावर बसत नाहीत त्यांना तो कधी कधी एका बाकावर बसवतो. नातू ही मॅच सोडून गेला तेव्हा एवढे मात्र त्याने गमावले, असे आमचे मत आहे.

तेव्हा माया लहान की मोठी, हा खरा प्रश्नच नव्हे. दोन गोष्टी विचाराव्यात. आपला संघ हरतो तेव्हा आपण उभे राहतो काय? आणि नवा माणूस दाराशी आला तर आपण सरकून जागा देतो काय? ज्या मायेची या दोन्ही प्रश्नांना 'होय' अशी उत्तरे आहेत, ती गावाची असो वा देशाची, तिच्यात खोट नाही. ज्या मायेला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ती देशाएवढी मोठी असली तरी खोटी.

काही महिन्यांनी आजोबा रस्त्यात भेटले. गळ्यात लाल मफलर होता. आम्ही हसलो तसे म्हणाले, "पोरगा नेतो म्हणाला. शब्बाथ गेल्यावरची मॅच आहे, म्हणून हो म्हटलं. पायऱ्या फार आहेत म्हणतात."

आम्ही विचारले, "आणि देशाची मॅच?"

"तीही बघतो," आजोबा म्हणाले. "पण आता हाक मारून बसवत नाही कोणाला. परवा आपणहून येऊन बसला होता. अर्धी बघितली आणि झोपला."