तंबूची दोन दारे

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट आहे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण या बलात जवान आहे. मध्यंतरी एका रविवारी मिस्सेनंतर तो मागे थांबला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी परदेशी जाण्याची संधी पुढेमागे मिळावी, म्हणून तो इंग्रजीचा अभ्यास करीत आहे. पैसा बरा मिळेल, अर्धवट राहिलेले घर पुरे होईल, धाकट्या बहिणीला शिकविता येईल, हे त्याने न लाजता सांगितले व आम्हांला ते आवडले. पोटासाठी निघालेल्या माणसाच्या हातून सेवा घडत नाही, असे मानण्याचा सोवळेपणा आम्ही केव्हाच सोडला आहे. परंतु त्याचा प्रश्न निराळा होता. "फादर, परक्यांच्या भांडणात बंदूक घेऊन उभे राहायचे. ती चालवली तर पाप. आणि न चालवल्यामुळे कोणी मेला, तर ते कोणाचे पाप?"

आम्हांला कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आठवले. १९५३ च्या जुलैत कोरियातील लढाई थांबली, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,६०४ चिनी व उत्तर कोरियन युद्धकैद्यांचा तिढा उरला. त्यांना सांभाळण्याचे काम भारताने पत्करले. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष, तर कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय सेनेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर या सैनिकांना पाऊलही ठेवू दिले नाही. इंचॉनजवळ जहाजांतून त्यांना हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. शांती राखावयास गेलेल्यांचे स्वागत हे असे!

त्या सप्टेंबरातच चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून नेले. थोरात मोजक्या साथीदारांसह आत गेले, संतप्त जमावाशी बोलत राहिले आणि ग्रेवालांना सोडवून घेऊन आले. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. धैर्याच्या कथा आपल्याला आवडतात. आमच्या मते खरी नैतिक कसोटी त्यानंतरची आहे आणि तिची कथा सहसा कोणी सांगत नाही.

ठरले होते ते असे : एका तंबूत कैद्याला त्याच्या देशाचा प्रतिनिधी समजावून सांगेल, मग कैद्याने दोन दारांपैकी एका दाराने बाहेर पडावे. एक दार मायदेशाचे, दुसरे नकाराचे. याहून न्याय्य व्यवस्था कागदावर सुचणे कठीण. परंतु कुंपणाच्या आत कैद्यांतीलच दांडग्यांचे राज्य होते. घरी जावेसे वाटणाऱ्याने तसे उघड बोलणे जिवावर बेतत होते. आत खूनही पडले. पुढे कोरियन कैद्यांच्या कुंपणांनी तंबूकडे येण्याचेच नाकारले. पोलंड व चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी म्हणाले, बळाने आणा. स्वित्झर्लंड व स्वीडन म्हणाले, बळ वापराल तर आम्ही यात नाही. बळ वापरावे तर नि:शस्त्र कैद्यांचे मुडदे पडणार, हे थिमय्या व थोरात जाणून होते. त्यापूर्वीच एकदोन प्रसंगी गोळीबार होऊन काही कैदी प्राणास मुकले होते. बळ न वापरण्याचे ठरले. नव्वद दिवसांची मुदत सरली, बहुतेक कैदी त्या तंबूपर्यंत पोचलेच नाहीत. परत गेले ते अवघे ६२८.

थोरातांचा निर्णय योग्य होता, असेच आम्ही मानतो. मनुष्याला स्वातंत्र्य देण्यासाठी त्याच्यावर गोळी झाडणे विसंगत आहे. तरीही रक्तपात टळला म्हणजे न्याय झाला, असे म्हणवत नाही. दांडग्यांच्या धाकात गप्प राहिलेल्या माणसाचे काय? त्याचे मौन 'नकार' म्हणून नोंदले गेले. १९९५ च्या जुलैत बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे, संयुक्त राष्ट्रांनीच सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणी, शांतिसैनिक उभे असताना आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे नेऊन मारले गेले. तेथे संयमाला संयम म्हणणे आम्हांला जमत नाही. शस्त्र आवरणे कोठे पुण्य आणि कोठे पाठ फिरविणे, याचा एकच ठोकताळा आम्ही त्या तरुणाला देऊ शकलो नाही. इतकेच म्हणालो, की तटस्थ माणसाने दोन्ही पक्षांचे ऐकून भागत नाही. ज्याला बोलता येत नाही, तो कोणत्या कुंपणात आहे हे त्याने आधी पाहावे.

हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगितले, तेही लिहिले पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी बांधाच्या भांडणात दोन भावांनी आम्हांला मध्यस्थ नेमले. तिसऱ्या, मयत भावाची विधवा ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. आम्ही तिलाही विचारले. आपण किती निःपक्षपाती, याचे मनातून समाधानही वाटले. ती दिरांकडे न पाहता म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही." आम्ही तसे कागदावर लिहून घेतले, अंगठा घेतला. ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्याचे दोन वर्षांनी कळले. आमचा तंबू होता, दारेही दोन होती!

कोरियातील ८८ कैद्यांनी कोणतेच दार घेतले नाही. त्यांना तिसरा, तटस्थ देश हवा होता. १९५४ च्या आरंभी ते थोरातांच्या सैनिकांबरोबर जहाजाने भारतात आले. पुढे त्यांतील बरेचसे ब्राझील व अर्जेंटिनाकडे गेले, थोडे येथेच राहिले. दोन पक्षांच्या कागदावर नसलेले उत्तर ऐकून घेणारे कोणी होते, म्हणून ते उत्तर देता आले.

तो तरुण गेल्या आठवड्यात वर्तणुकीच्या दाखल्यावर सही मागण्यास आला. आम्ही सही केली. आई काय म्हणते, असे विचारले. तो हसून म्हणाला, "तिचं काही म्हणणं नाही, फादर." येत्या गुरुवारी तो बंदोबस्ताला बाहेरगावी असेल. त्या दिवशी त्याच्या घरी जाऊन यावे, असे आम्ही ठरविले आहे.