दलालाला काय विचारावे?

गेल्या कार्तिकीहून परत आल्यावर आमच्या एका जुन्या टाळकऱ्यांनी आम्हास प्रश्न केला, "बुवा, घर बदलायचं असेल तर दलालाचं ऐकावं का हो?" विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न आम्हाला लागला. त्यांचे घर बदलून झाले होते, पस्तावूनही झाले होते. त्या प्रकरणात दलालाचा वाटा किती आणि आमचा किती, हे त्यांना ठाऊक असो वा नसो, आम्हाला चांगले ठाऊक होते. त्या वेळी "निवांत बोलू" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते बोलणे आज येथे करीत आहोत.

हे गृहस्थ छापखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. भाईंदरला स्टेशनच्या पश्चिमेस एका चाळीत त्यांचे आयुष्य गेले. पंचवीस वर्षे आमच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले, कधी ठेका चुकला नाही. पत्नीला दम्याचा विकार, मुलगा अंधेरीला कामाला. चाळीतली खोली विकून, फंडाचे पैसे घालून, त्यांनी चेण्याच्या बाजूला घोडबंदर रस्त्यालगत नव्या इमारतीत घर घेतले.

चेणे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. काशीमीऱ्याहून पुढे निघाले की वर्सोव्याचा नाका येतो. महामार्ग तेथून खाडी ओलांडून अहमदाबादेकडे जातो आणि ठाण्याचा रस्ता उजवीकडे वळतो. त्या रस्त्यावर, एका हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसऱ्या हाताला वसईची खाडी, अशा मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हे गाव आहे. डोंगरातून नदी उतरते. पावसाळ्यात तिच्या काठी मुंबईची माणसे सहलीला येतात. उद्यानाभोवतालचा पट्टा केंद्र सरकारने २०१६ च्या डिसेंबरात पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, यावरून त्या रानाची योग्यता कळावी. स्टेशन मात्र गावाला नाही. मीरा रोड किंवा भाईंदर गाठा, नाहीतर घाट चढून ठाणे गाठा.

दलालाने काय सांगितले? हवा उत्तम आहे, डोंगर समोर आहे, नदी जवळ आहे, आणि मेट्रो येणार आहे. यातले एकही वाक्य खोटे नाही. हवा उत्तमच आहे. मेट्रो दहाचा मार्ग गायमुखाहून मीरा रोडपर्यंत आखलेला आहे, हेही खरे. आखलेल्या मार्गावर गाडी धावत नाही, एवढेच बोलायचे राहिले. उरणच्या बंदराकडून गुजरातेकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात, आणि गायमुखच्या घाटात एक गाडी बंद पडली की दोन्हीकडे रांगा लागतात, हेही राहिले.

मग श्रावणातल्या एका रात्री वहिनींना दम्याचा जोराचा झटका आला. मीरा रोडला न्यावे की ठाण्याला, यातच पाव तास गेला. ठाण्याची वाट धरली, आणि घाटात एक अवजड गाडी आडवी झालेली. पावणेदोन तास रिक्षात. त्या पावणेदोन तासांचे वर्णन त्यांनी आमच्यापाशी एकदाच केले, पुन्हा केले नाही. पांडुरंगाने लाज राखली, वहिनी वाचल्या. सहा महिन्यांत त्यांनी ते घर भाड्याने दिले आणि स्वतः पुन्हा भाईंदरला भाड्याच्या खोलीत आले.

आता दलाल खोटे बोलला का? जिभेने नाही. पण सत्य म्हणजे नुसते खरे शब्द असते तर धर्मराजाचा रथ जमिनीवर का टेकला असता? त्या दिवशी अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. द्रोणाचार्यांना कोणते सत्य हवे होते हे धर्मराज जाणत होता, आणि नेमके तेच त्याने हळू आवाजात गिळले. चार बोटे वर चालणारा रथ तेवढ्यावर खाली आला. ऐकणाऱ्याला जे कळणे अवश्य आहे ते जाणूनबुजून न सांगणे, हे असत्याच्या पंक्तीत बसते, असे व्यासांचे मत आम्ही समजतो.

पाठशाळेत आम्ही न्यायशास्त्राचा थोडाबहुत अभ्यास केला. गौतमांच्या सूत्रांत शब्द हे प्रमाण मानले आहे, परंतु ते आप्ताच्या शब्दापुरते. आप्त कोण? वात्स्यायनांनी भाष्यात दोन गोष्टी सांगितल्या. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते असेही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. केवढी मोकळी दृष्टी! जात, वेष, विद्या यांचा संबंध नाही. पाहिले आहे का, आणि पाहिले तसे सांगायचे आहे का, बस्स. मराठीत मात्र गंमत झाली. आप्त म्हणजे आपण सोयरा समजतो. जो जवळचा तो खरेच सांगणार, असे शब्दानेच आपल्या मनात रुजवून ठेवले आहे. या गंमतीकडे पुढे परत येऊ.

ही कसोटी दलालाला लावून पाहा. पहिल्या अर्ध्या भागात तो उत्तीर्ण होतो, तेही उत्तम गुणांनी. कोणत्या मजल्यावर पाणी चढत नाही, कोणत्या सोसायटीत भांडणे आहेत, गेल्या महिन्यात शेजारची खोली कितीला गेली, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असते? अडचण दुसऱ्या अर्ध्या भागाची. सौदा झाला तर त्याची चूल पेटते, मोडला तर महिनाभराची पायपीट फुकट. अशा माणसाला "आम्ही हे घर घ्यावे का?" असे विचारणे म्हणजे भुकेल्याला "जेवायची वेळ झाली का?" म्हणून विचारणे. तो दुष्ट असतो असे नाही. आम्ही विचारतो तो प्रश्नच त्याच्यावर अन्याय करणारा असतो.

आमची शेतकरी मंडळी या बाबतीत शहरवाल्यांपेक्षा शहाणी आहेत. कार्तिकीला वाखरीच्या माळावर जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हेडी ठाऊक आहे. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करणारा तोच. शेतकरी त्याला बैल कुठला, धनी कोण, किती मागतो, हे विचारतो. मग त्याचे ऐकून न ऐकल्यासारखे करून बैलाचे जाभाड स्वतः उघडतो. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे, ते बघतो. चालवून बघतो, खोड आहे का याचा अंदाज घेतो. पण "यंदा मला बैल घ्यायला जमेल का?" हे तो हेडीला कधी विचारीत नाही. ते घरी, कारभारणीला विचारून आलेला असतो. हेडी लबाड म्हणून नव्हे. तो प्रश्न हेडीचा नाहीच.

तेव्हा दलालावर विश्वास ठेवावा का, याचे आमचे उत्तर असे : साक्षीदार म्हणून ठेवावा, न्यायाधीश म्हणून ठेवू नये. साक्षीदाराचीसुद्धा उलटतपासणी होते. पहिलाच प्रश्न विचारावा, "तुमची दलाली कोण देतो?" जुन्या घरात बहुधा दोन्हीकडून घेतात. नव्या इमारतीत पुष्कळदा बांधणारा देतो, आणि गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानाने सांगतात की तुमच्याकडून एक पैसाही नको. आमचे टाळकरी याच वाक्यावर खूश झाले होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण टाळकऱ्याला आम्ही सांगावी काय!

कायदाही आता आहे. २०१६ चा स्थावर संपदेचा कायदा आला, आणि महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. नोंदलेल्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या दलालाने आपलीही नोंदणी केली पाहिजे. नोंदणीशिवाय धंदा केला तर रोज दहा हजारांप्रमाणे दंड, तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ पासून महारेराने दलालांना शिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. हे सगळे चांगलेच झाले. नोंदणीचा क्रमांक मागायला संकोच करू नये, देवळात पुजाऱ्याला गोत्र विचारण्याइतके ते साधे आहे. भाड्याच्या खोलीचा किंवा जुन्या घराचा दलाल या कक्षेत येतोच असे नाही, तेवढे ध्यानात असू द्यावे. आणि कायद्याची धावही किती? खोटी आश्वासने देऊ नको, कागदपत्रे मिळवून दे, इथपर्यंत तो सांगतो. "तुमच्या घरात दम्याचे माणूस आहे, तुम्ही इकडे येऊ नका," असे बोलायला लावणारा कायदा कुठल्या सरकारला करता येईल?

तसे बोलणारेही भेटतात बरे का. आमच्या माहितीतल्या एका विधवा बाईंना एका दलालाने तोंडावर सांगितले, "आजी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दहा वर्षांनी तुम्ही घरातच अडकाल. हे घेऊ नका." त्या दिवशीची त्याची दलाली बुडाली. धंदा म्हटला की नाक मुरडायचे आम्हा वारकऱ्यांना कारणच नाही. आमचे तुकोबा दुकानदार होते. शांतिपर्वात जाजलीची कथा आहे. त्याने तप इतके केले की जटांत पाखरांनी घरटे बांधले, आणि त्याचा त्याला गर्व झाला. त्याला धर्म शिकायला काशीतल्या तुलाधाराकडे जावे लागले, आणि तुलाधार हा विकत बसलेला वाणी. त्याचा तराजू सर्वांना सारखा होता, एवढीच त्याची तपश्चर्या.

आता आमचे सांगतो. इथवर लिहिताना हात सैल चालला, पुढे जड जातो.

ते घर घ्यावे की नाही हे विचारायला आमचे टाळकरी प्रथम आले होते ते आमच्याकडे. दलालाकडे नंतर गेले. तेव्हा आम्ही घोडबंदर रस्त्याच्याच बाजूला राहत होतो. चेण्यातला हरिनाम सप्ताह आमच्याकडे असे, आणि टाळकऱ्यांची वानवा झाली होती. एक थकले, एक गावी गेले. असा पक्क्या ठेक्याचा माणूस हाकेच्या अंतरावर राहायला आला तर किती बरे, हा विचार त्यांनी पायरी चढण्याआधीच आमच्या मनात येऊन बसला होता. आम्ही म्हणालो, "घ्या. हवा चांगली आहे, वहिनींना मानवेल." घाटाचे बोललो नाही. त्या घाटातल्या रांगांत आम्ही स्वतः कीर्तनाला जाताना किती वेळा अडकलो होतो! म्हणजे पाहिलेले होते. पाहिले तसे सांगायची इच्छा नव्हती.

आम्हाला दलाली मिळाली नाही, एक टाळकरी मिळाला.

कीर्तनाच्या ठिकाणी जेवणाचीसुद्धा आशा धरू नये, इतका कडक दंडक तुकोबांनी आम्हाला घालून दिला आहे. आमच्या पिढीने तो पाळलेला नाही. पाकीट घेतो, मीही घेतो. पण पाकिटापेक्षा वाईट असा हा स्वार्थ असतो. तो देवाच्या कामाचा सदरा घालून येतो, त्यामुळे ओळखू येत नाही.

सप्ताहाच्या काल्याला तो दलाल आला होता. तिकडचाच भूमिपुत्र, पोरगा तसा भाविक. वहिनींचा प्रसंग ताजा होता. आम्ही त्याला बाजूला घेऊन जरा कडकच बोललो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "बुवा, त्यांनी मला घर कसं आहे ते विचारलं. घ्यावं का, ते विचारलंच नाय. म्हणाले, बुवांनी सांगितलंय, आता प्रश्न नाय. बुवांनी सांगितल्यावर मी कशाला मोडता घालू?"

आम्ही निरुत्तर झालो. त्याच्या तराजूत काय होते ते सगळ्यांना दिसत होते. तराजूचा पासंग माहीत असला की तेवढा वजा करून वजन धरता येते. दलालाच्या "उत्तम हवे"तून रुपयात चार आणे तरी शहाणा माणूस वजा करतोच. आमच्या शब्दातून त्या बिचाऱ्यांनी काय वजा करावे? बुवा म्हणजे आप्त, हा हिशेब त्यांनी पंचवीस वर्षे धरलेला. गावाकडचा भाऊ "इकडेच घर बांध" म्हणतो, त्याला म्हातारीची सेवा वाटून हवी असते. मुलगा "शहरात या" म्हणतो, त्याला नातवंडांकडे बघायला माणूस हवे असते. वाईट कोणीच नसते. फक्त त्यांना कोणी दलाल म्हणत नाही. आणि आपण तरी सल्ला मागायला जातो तेव्हा मनात घर घेऊन झालेले असते. होकार देईल असाच माणूस आपण शोधतो आणि त्याला विश्वासू म्हणतो.

टाळकऱ्यांना हे सारे आम्ही मागच्या एकादशीला त्यांच्या खोलीवर जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. वहिनी आतून म्हणाल्या, "हवा खरंच चांगली होती हो, बुवा." त्यांनी आम्हाला क्षमा केली की नुसते पाहुण्याचे मन राखले, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

परवा त्या दलालाचा फोन आला. एक वयस्क जोडपे घर बघायला येत होते, आणि चेण्याच्या सप्ताहात आमचे कीर्तन ऐकल्याचे सांगत होते. "बुवा, तुमचं नाव घेतायत. काय सांगू त्यांना?" आम्ही म्हणालो, "दुपारी आणू नकोस. संध्याकाळी सात वाजता ठाण्याहून घाटातून आण, घर दाखव आणि मग त्यांनाच विचार." तो हसला. म्हणाला, "बुवा, माझा सौदा जाईल." मग थोडे थांबून म्हणाला, "बरं. सातला आणतो."