‘मला कुणी सांगितलंच नाही’

द्यूतसभेतल्या मौनाची चर्चा आपल्याकडे भीष्मापाशी सुरू होते आणि बहुधा विकर्णापाशी संपते. त्या सभेत एक साधा नोकरही होता, त्याची आठवण क्वचितच निघते. द्रौपदीला आणायला विदुराने नकार दिला, तेव्हा दुर्योधनाने प्रातिकामीला धाडलं. तो गेला आणि तिला न आणता तिचा प्रश्न घेऊन परतला: युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की तिला? पुन्हा हुकूम सुटला, तेव्हा त्याने सभेलाच विचारलं की, द्रौपदीला आता काय सांगू? हा भीमाला घाबरतो, असं म्हणून दुर्योधनाने त्याला बाजूला केलं आणि दुःशासनाला उठवलं. साहेबाला तोंडावर नाही म्हणण्याची सोय नसलेला माणूस असाच बोलतो, दुसऱ्याचा प्रश्न पुढे करून, नुसता खुलासा मागितल्यासारखा. त्याची वासलातही अशीच लागते.

पाणउतारा करणाऱ्या वरिष्ठापुढे हाताखालची माणसं गप्प बसली आणि त्यातून नुकसान झालं, तर दोष कोणाचा? आपण लगेच गप्प बसणाऱ्यांचं धैर्य मोजू लागतो. माझ्या मते ती शांतता ही मुळात वरिष्ठाची करणी असते, त्यामुळे ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हा बचाव त्याला मिळता कामा नये. अ‍ॅरिस्टॉटलने नशेत गुन्हा करणाऱ्याचं उदाहरण दिलं आहे. त्याला शुद्ध नव्हती हे खरं, पण ती घालवायची की नाही हे त्याच्याच हातात होतं. म्हणून अशाला दुप्पट शिक्षा सांगणारे कायदे त्याला रास्त वाटत. वाईट बातमी आणणाऱ्याला चारचौघांत झापणारा साहेबही आपलं अज्ञान असंच स्वतः कमावतो.

याला पुरावा आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो 1996 साली प्रसिद्ध झाला. चांगल्या विभागांत चुका कमी असतील, ही त्यांची अटकळ. आकडे उलटे आले. मग हे आकडे ठाऊक नसलेल्या एका संशोधकाने विभागांत जाऊन पाहिलं, आणि उलगडा असा झाला की, जिथे प्रमुख परिचारिकेची धास्ती नव्हती तिथे चुका सांगितल्या जात, आणि जिथे होती तिथे त्या दडपल्या जात. म्हणजे कागदावर सर्वांत स्वच्छ दिसणारा विभाग सर्वांत धोक्याचा असू शकतो! नोकियाच्या पडझडीवर टिमो वुओरी आणि क्वी ह्यू यांनी 76 मुलाखती घेऊन केलेला अभ्यास 2016 साली आला. तिथले मधल्या फळीतले अधिकारी वरच्यांच्या संतापाला भिऊन सॉफ्टवेअरची खरी अवस्था सांगत नव्हते, आणि वरचे गोड अहवालांवर विसंबून आणखी अशक्य मुदती देत होते.

शस्त्रक्रियागृहात किंवा आघाडीवर वादाला वेळ नसतो, तिथे दरारा हवाच, असं कोणी म्हणेल. कडक असायला हरकत नाही. कामातली चूक कडक शब्दांत दाखवणं वेगळं आणि चूक कळवणाऱ्याची लाज काढणं वेगळं. हा फरक हाताखालच्यांना पहिल्या आठवड्यातच कळतो.

याहून अवघड आक्षेप असा की, या न्यायाने गप्प बसणारे सगळेच सुटतात. तसं होत नाही. बोलण्याचं कर्तव्य खुर्चीच्या उंचीप्रमाणे वाढतं. प्रातिकामीकडे पोटापलीकडे काही नव्हतं, तरी त्याने दोनदा प्रश्न आणला. भीष्म कुरुकुळाचा पितामह. त्याने धर्म सूक्ष्म आहे म्हणून हात वर केले. मधल्या फळीतला, पगार आणि वजन दोन्ही बाळगणारा अधिकारी स्वतःला प्रातिकामी समजतो आणि वागतो भीष्मासारखा. त्याला मी माफ करणार नाही.

नुसती भीती काढून घेतली की लोक बोलतील, हेही अर्धंच खरं. धृतराष्ट्राने वनपर्वात विदुराला हाकलून दिलं, मग पश्चात्ताप होऊन संजयाकरवी परत आणलं. पुढे उद्योगपर्वात झोप येईना म्हणून रात्री त्यालाच बोलावलं, त्याचं सगळं ऐकलं, मान्यही केलं, आणि शेवटी दुर्योधनाच्या मनासारखंच होऊ दिलं. विदुर तरीही बोलत राहिला. पण तो राजाचा भाऊ होता. एवढं ऐकून घेऊन काहीच न करणाऱ्या साहेबाकडे नोकर माणूस पुन्हा कशाला जाईल?